कार्डावरचे तीन चौकोन

३ मार्च

अक्कांना नमस्कार.

तुमचं पार्सल काल दुपारी मिळालं. लोकरीची एक बंडी, उशांचे दोन अभ्रे, बार्लीचा डबा, आजाऱ्याला पाजायचा तोटीचा कप आणि पाच पोस्टकार्डं. काही फुटलं नाही, काही हरवलं नाही. वरची तिकिटं मोजली तर साडेअठरा रुपयांची निघाली. अक्का, एवढ्यात बार्लीचे आणखी दोन डबे आले असते. पुढच्या वेळी वस्तू नको, नुसतं पत्र पाठवा. बंडी यांच्या जुन्या मापाची आहे, म्हणून सैल होते. माणूस निम्माच उरला आहे.

पण उरला आहे. बेचाळीस दिवसांनी तुमचे भाऊ घरी आले. धनुर्वातातून असे घरी येणारे थोडे, असं इस्पितळातली आयासुद्धा म्हणाली. तोंड आता तीन बोटं उघडतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज सकाळी स्वतःचीच बोटं उभी धरून दातांत घालून बघायची. पहिल्या दिवशी दीड बोट जेमतेम गेलं. मी हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते. तीन बोटं झाली त्या दिवशी हे पहिलं धड वाक्य बोलले, तेही तुमच्यावर. "अक्काला कळव, बडबड्याचं तोंड बंद करायला धनुर्वात यावा लागला. तिला जन्मात जमलं नव्हतं."

शेजारीणबाई दारातूनच चौकशी करतात, उंबरा ओलांडत नाहीत. आमच्याकडचा वारा लागेल अशी भीती. मी म्हटलं, "अहो, रोपांच्या खोक्याचा खिळा गेला होता पायात. माझ्या स्वयंपाकघरात तुम्हाला कोणता खिळा लागणार?" तरी बाहेरच उभ्या.

मी पहाटे उठून माळ ओढते. देवाने परत दिले, त्याची फेड कशी करावी कळत नाही.

तुमची
वहिनी


१४ मार्च

वहिनीबाई,

तीन बोटं वाचली आणि चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ हातातच राहिला. त्या बडबड्याला सांग, तोंड उघडलंच आहे तर आधी खायला वापर.

शेजारणीचं मनावर घेऊ नकोस, पण तिला समजावून सांग. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. तो मातीत असतो, शेणखतात असतो. त्याचं बी वर्षानुवर्षं निजून राहतं, उन्हाला दाद देत नाही, साध्या उकळीलाही देत नाही. खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते जागं होतं आणि विष सोडतं. गंजाचा दोष नाही, गंजलेल्या खिळ्याला चिकटलेल्या मातीचा आहे. आणि म्हणूनच सगळ्या गावाने लस घेतली तरी ज्याने घेतली नाही त्याला माती सोडत नाही. गोवराचं तसं नाही. चार जणांना गोवर झाला नाही तर पाचव्याला देणार कोण? इथे मात्र ज्याचं त्याने बघायचं.

मी नर्स होते तेव्हा आमच्या वॉर्डात धनुर्वाताच्या खोलीला काळे पडदे असायचे आणि आम्ही कापडी जोडे घालून जायचो. चमचा वाजला तरी रोगी धनुष्यासारखा ताणला जायचा. वाईट एवढंच, की शुद्ध पूर्ण असते. सगळं कळत असतं. ते तू बाहेरच्या बाकावर बसून काढलंस, मला तुझं कौतुक आहे.

एकच विचारायचं. तिन्ही इंजेक्शनं झाली ना? बरा झाला म्हणून कंटाळा करू नका. मला आकडा कळव.

तुझी
अक्का


२८ मार्च

अक्कांना नमस्कार.

तुम्ही आकडा विचारलात म्हणून वही काढून बघितली. इंजेक्शनं तीन. तिन्ही झाली. औषधवाल्याची पावती त्याच पानावर चिकटवलेली आहे, तेव्हा चूक व्हायची सोय नाही. तुम्ही निश्चिंत असा.

हे परवापासून रोपवाटिकेत जायला लागले. जातात म्हणजे खुर्ची टाकून बसतात आणि गुलाबांना गोष्टी सांगतात. माळीण मला म्हणाली, "मालक नव्हते तोवर कलमं मुकाट वाढत होती, आता ऐकत बसतात." हे ऐकून हसले. हसताना एक गाल अजून नीट वर जात नाही, पण ते कोणाला दिसत नाही, मलाच दिसतं.

शेजारीणबाई काल आत येऊन बसल्या. चहाचा कप मात्र स्वतःचा घेऊन आल्या होत्या.

तुमची
वहिनी


९ एप्रिल

वहिनीबाई,

तीन झाली, सुटलो. आता दहा वर्षं तरी या रोगाकडे बघायला नको. जखम झाली तर साबणाने धुवायची, वाहत्या पाण्याखाली, एवढं मात्र विसरू नका.

मी मागे लागले म्हणून रागावू नकोस. बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यात बरी झालेली माणसं सगळी विसरले. ज्यांना काही विचारायचं राहून गेलं तेवढीच लक्षात राहिली. घरच्या माणसाच्या बाबतीत तसं व्हायला नको होतं. झालं नाही. देव तुझं ऐकतो बाई, माझं कधी ऐकलं नाही.

गुडघे तसेच. जिना उतरले की चढायचा विचार पडतो.

तुझी
अक्का


पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर

अक्कांना नमस्कार.

बऱ्याच महिन्यांत सविस्तर लिहिलं नाही. सगळं ठीक चाललं की पत्र मागे पडतं, हा माझाच दोष. यंदा पिवळ्या गुलाबाची कलमं दोनशेवर लागली. हे सकाळी सहाला जातात ते जेवायला हाका मारल्याशिवाय येत नाहीत.

परवा थोडा गोंधळ झाला, आता सगळं ठीक आहे. खताच्या ढिगात दाताळं पुरलं गेलं होतं, त्याचा एक दात यांच्या तळपायात शिरला. बोटभर तरी खोल असेल, पण रक्त फार आलं नाही. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे साबण लावून नळाखाली धरला. मग दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणली. कंपाउंडर लगेच सुई भरायला लागला. मी पिशवीतून तुमचं पत्र काढून दाखवलं, दहा वर्षं बघायला नको म्हणून लिहिलेलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "नर्सबाईंनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल." हे म्हणाले, "आमच्या अक्काचं पत्र म्हणजे कोर्टाचा निकाल." तसे हसतखेळत घरी आलो.

मीही मनाशी म्हटलं, त्या दिवशी इस्पितळात आल्या आल्या तिन्ही एका बैठकीत टोचली होती, दोन मांडीत आणि एक कमरेवर. केवढाल्या महागाच्या बाटल्या त्या, बाहेरच्या दुकानातून धावत आणलेल्या. त्यांचा गुण दहा वर्षं टिकायलाच हवा. खरं ना?

पाय सुजलेला नाही. जखम वरून मिटत आली आहे.

तुमची
वहिनी


२४ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. शेजारच्या मुलीला तार करायला पाठवलं आहे आणि मागोमाग हे लिहिते आहे. तार पोचली असेल तर हे वाचत बसू नकोस, आधी त्याला घेऊन जा.

तिन्ही एका बैठकीत म्हणजे ती लस नव्हती. ते तयार औषध होतं, दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेलं. अंगात मोकळं फिरणारं विष ते धरून ठेवतं, पण चार-सहा महिन्यांत संपून जातं. घरात पीठ नाही म्हणून शेजारून उसनं आणावं तसं ते. त्या दिवसाची भूक भागते, डबा पुन्हा रिकामा. लस म्हणजे घरात जातं बसवणं. अंगाला स्वतः दळायला शिकवणं. ते एका दिवसात होत नाही. पहिलं टोचायचं, महिन्याने दुसरं, आणखी महिन्याने तिसरं. ती तीन मी विचारली होती.

ती तीन दिली का? त्याचं कार्ड असतं. कार्ड शोध. नसेल तर आजच्या आज इस्पितळात जा आणि सांग, तयार औषध आणि लस दोन्ही द्या, एक एका हाताला, दुसरं दुसऱ्या. जखम वरून मिटली असेल तर उघडायला सांग. ती वरून मिटणं चांगलं लक्षण नाही.

तोंड किती बोटं उघडतं ते बघ.

अक्का


३ नोव्हेंबर

अक्कांना नमस्कार.

तार पंचवीस तारखेला अकरा वाजता आली. त्याच दिवशी सकाळी हे न्याहारीला बसले आणि पावाचा तुकडा ओठाशी नेऊन परत ताटलीत ठेवला. म्हणाले, "जबडा अवघडलाय, उशी नीट नव्हती." मी पाठ करून दूध तापवत होते. वळले तेव्हा हे स्वतःची बोटं दातांशी नेऊन बघत होते. दोन गेली. तिसरं गेलं नाही. माझ्याकडे बघून हात पटकन खाली घेतला आणि म्हणाले, "मागच्या पानावर लिहू नकोस."

तारवाला आला तेव्हा मी पायात चपला घालत होते.

तुमच्या पत्रात लिहिलंत ते सगळं डॉक्टरांनी मी न सांगताच केलं. जखम उघडली, आत मातीचा काळा कण निघाला. उसनं औषध दिलं, लसही सुरू केली. पण डॉक्टर म्हणाले, नसांमध्ये चढून बसलेलं विष आता कोणत्याच औषधाच्या हाती लागत नाही. ते आपणहून ओसरेपर्यंत माणसाने तग धरायचा.

या वेळी मला आत बसू देतात. खोलीला पडदे आहेत. मी बांगड्या काढून ठेवल्या, किल्ल्यांचा जुडगा माळिणीकडे दिला. चौथ्या दिवशी माळ ओढत होते, अगदी पदराआड, तर एक मणी दुसऱ्यावर टक् करून आला. तेवढ्या आवाजाने यांचं सगळं अंग कमानीसारखं उचललं गेलं, डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला. तोंडावर हसू आल्यासारखं दिसतं, पण ते हसू नव्हे. डोळ्यांतून पाणी. माझं नामस्मरण यांना सुरीसारखं लागलं, अक्का. माळ आता घरी डब्यात आहे. मनात म्हणायला जाते तर आकडेच मोजले जातात, दोन झटक्यांमध्ये किती मिनिटं गेली त्यांचे.

सांगा मला, एकदा होऊन गेलेला रोग परत कसा होतो? इतकं सोसलं त्याचं काहीच जमा होत नाही का?

कार्डाचं तुम्ही विचारलंत. शोधते आहे.

तुमची
वहिनी


११ नोव्हेंबर

वहिनीबाई,

परत कसा होतो, ते सांगते. गोवर येतो तेव्हा अंगाशी बरेच दिवस झगडतो, अंग त्याला नीट पाहून घेतं आणि जन्मभर ओळखतं. हे विष इतकं जहाल आहे, की माणसाला मारायला जेवढं पुरतं तेवढ्याने अंगाला त्याची ओळखसुद्धा पटत नाही. घरात चोर शिरला, सगळं लुटून गेला आणि कोणी त्याचं तोंड पाहिलं नाही, तसं. पुन्हा दारात आला तर घरचे त्याला या बसा म्हणतील. लस म्हणजे त्याच चोराचे दात काढून, हात बांधून त्याला तीन वेळा घरात फिरवणं. धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला म्हणूनच लस द्यायची असते, इतरांपेक्षा जास्त गरजेने. हे मला बत्तीस वर्षं पाठ होतं.

आणि मी तुला आकडा विचारला. नाव विचारलं नाही, तारखा विचारल्या नाहीत. वॉर्डात कोणी शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर मी तिला उभं राहू दिलं नसतं. वर कोर्टाचा निकाल लिहून पाठवला. तो कागद कंपाउंडरच्या हातात होता, तेव्हा सुई भरलेली होती. हे मी रोज बघते. मी तिथे नव्हते, तरी बघते.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीचा दोष नसतो. तो माझा आहे.

आता माझं एक ऐक. तूही त्याच मातीत हात घालतेस, काटे तुलाही लागतात. तिथल्या तिथे स्वतःची लस सुरू कर. कार्ड देतील, त्यावर तीन चौकोन असतात. पहिल्यात तारीख पडली की मला कळव.

त्याच्या कानाशी बोलू नकोस. पण तू दिसशील अशी बस. त्याला सगळं कळतं.

तुझी
अक्का


२२ नोव्हेंबर

अक्कांना नमस्कार.

चौदा तारखेची माझी तार तुम्हाला मिळाली. तुमचं अकरा तारखेचं पत्र त्यानंतर पाच दिवसांनी माझ्या हातात पडलं. त्यात तुम्ही यांच्याजवळ कसं बसावं ते लिहिलं आहे. तशीच बसले होते.

काही वाजलं नव्हतं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण मी त्या खोलीत एकोणीस दिवस श्वाससुद्धा मोजून घेतला. बाहेर कोणी चाललं नाही, दार हललं नाही. तरी झटका आला आणि त्यात छाती जी आवळली ती सुटली नाही. यांचे डोळे माझ्याकडे होते. शेवटपर्यंत शुद्ध होती.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. तुम्ही लिहिलंत, तुला कोणी सांगितलंच नव्हतं.

सांगितलं होतं.

पहिल्या वेळी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी पिवळं कार्ड दिलं. वर यांचं नाव, खाली छापलेलं, "धनुर्वात प्रतिबंधक लस", आणि तीन चौकोन. मी मॅट्रिक झालेली आहे, मला वाचता येतं. त्या म्हणाल्या, "लस आज संपली आहे, सोमवारी येईल. सोमवारी यांना नक्की घेऊन या." सोमवारी हे सकाळी बंडी घालून दारात उभे राहिले. मी म्हटलं, "कुठे निघालात? एवढ्या अशक्त अंगाला बसचे धक्के द्यायचे, रांगेत उभं करायचं, ते कशाला? झालेल्या रोगाला प्रतिबंध कसला? गोवर कधी दोनदा निघाला आहे का कोणाला?" हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." बडबड्या माणूस, पण माझ्याशी कधी वाद घातला नाही. तुम्हाला ठाऊक आहे. मला एकदा केलेलं काम पुन्हा करायचा तिटकारा आहे. भांडं एकदा घासलं की घासलं. देवाने एकदा बरं केलं, त्यावर पुन्हा सुई टोचणं मला देवावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं.

मग तुमचं पत्र आलं, तिन्ही झाली ना म्हणून. मी वही उघडली तेव्हा कार्ड त्याच पानात होतं. पावतीवर तीन बाटल्या, तुमच्या पत्रात तीन, कार्डावर तीन चौकोन. पावतीतला तीन आणि पत्रातला तीन जुळले, म्हणून कार्डाकडे बघितलं नाही. म्हणजे बघितलं. कोरं आहे हे दिसलं. आणि तुम्हाला लिहिलं, चूक व्हायची सोय नाही. खोटं लिहिते आहे असं तेव्हा वाटलं नाही. तुम्ही रागवाल एवढं मात्र वाटलं होतं, म्हणून कार्डाचा शब्द काढला नाही.

कंपाउंडरचंही मी पूर्ण सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "पत्र राहू द्या बाई, एक टोचून टाकतो, नुकसान काही नाही." यांनी बाही वर केली होती. म्हणाले, "घेतो ग, मुंगी चावल्यासारखं तर असतं." मी पुढे होऊन बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटणसुद्धा लावलं. कोर्टाच्या निकालाचं हे बोलले खरं, पण ते त्यानंतर, मला वाईट वाटू नये म्हणून.

त्या बटणाचा सदरा धुवून घडी करून ठेवला आहे.

लोक म्हणतात, देवाची इच्छा. शेजारीणबाई आता आत येऊन माझा हात धरून बसतात आणि तेच म्हणतात. मी त्यांना काही सांगत नाही. देवाने एकदा परत दिले होते. ते दिलेलं मी जपायला हवं होतं. चिंध्या जपल्या, दोरे जपले, बार्लीचा रिकामा डबा जपला. माळ अजून डब्यातच आहे. काढायला हात जात नाही.

इस्पितळातून निघताना त्यांनी मलाही कार्ड दिलं, तुम्ही म्हणालात तसंच, तीन चौकोनांचं. लस त्या दिवशी होती. मी घेतली नाही, उद्या येते म्हणाले. कार्ड हिशोबाच्या वहीत यांच्या कार्डाशेजारी ठेवलं आहे. दोन्ही सारखी दिसतात. रोज सकाळी कलमांच्या वाफ्यात उघड्या हातांनी काम करते. माळीण हातमोजे आणून ठेवते, मी घालत नाही. हे तुम्हाला लपवून ठेवायचं होतं, पण आता लपवायचं एवढंच उरलं होतं, ते कशाला ठेवू.

तुम्ही तुमच्या पत्रात सगळा दोष स्वतःकडे घेतलात. तो परत पाठवते आहे. तो तुमचा नाही. पण मला एक विचारायचं आहे, आणि ते नर्स म्हणून सांगा, नणंद म्हणून नको. त्या सोमवारी मी यांना घेऊन गेले असते, महिन्याने दुसरं आणि आणखी महिन्याने तिसरं टोचून घेतलं असतं, तर त्या दाताळ्याने हे गेले असते का? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, आता त्याचा विचार करू नका. तुम्ही तसं लिहू नका.

सोबत तुम्ही पाठवलेल्या पोस्टकार्डांतलं शेवटचं जोडलं आहे. माझा पत्ता मीच लिहून ठेवला आहे, तुम्हाला त्रास नको. त्यावर हो किंवा नाही, एवढा एकच शब्द लिहा, आणि उलट टपाली पाठवा.

तुमची
वहिनी